देव झाला, आता रान कशाला?

परळी वैजनाथ, औंढा नागनाथ, घृष्णेश्वर अशी तीन ज्योतिर्लिंगं एका फेरीत घडवणाऱ्या यात्रा बस आमच्या हिंगोली जिल्ह्यात बाराही महिने येतात. औंढ्याला बस थांबते दोन-तीन तास. बराचसा वेळ रांगेत जातो. मग अरुंद पायऱ्यांनी वाकत भुयारी गाभाऱ्यात उतरायचं, पिंडीवर हात ठेवायचा, वर येऊन प्रसाद घ्यायचा आणि बस गाठायची. गोव्याच्या मुरगाव बंदरात क्रूझ लागते, तेव्हा प्रवासी सकाळी उतरून फोंड्याच्या मसाल्याच्या बागा बघतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. त्यांचा आणि आपल्या यात्रेकरूंचा दिवस आता सारखाच झाला आहे.

मी औंढा तालुक्यातच शाळेवर शिकवलं. आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना दर्शनानंतर मी गावाबाहेरच्या डोंगराकडे पायी नेते. चढ फार नसतो आणि चाल सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची. हटकून कुणीतरी विचारतं, ‘‘काकू, देव झाला की बघून. आता रानात काय बघायचं?’’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर औंढ्याच्याच कथेत आहे. नामदेव महाराज गुरूच्या शोधात इथे आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, देव जिथे नाही तिथे ते उचलून ठेव. नामदेवांनी जिथे जिथे विसोबांचे पाय ठेवले, तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो आणि देव गाभाऱ्यात ठेवून बसमध्ये जाऊन बसतो.

द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचं ठिकाण दारुकावन सांगितलं आहे. ते आपलंच, असं गुजरातेत द्वारकेजवळ म्हणतात, उत्तराखंडात जागेश्वरला म्हणतात आणि आम्हीही म्हणतो. वाद आहे तो जागेचा. हा देव रानातला आहे, याबद्दल तिघांचंही एकमत आहे.

म्हणून वाटेत मी बेलापाशी थांबते. सकाळी दुकानातून घेतलेलं त्रिदळ ज्यांनी पिंडीवर वाहिलं, त्यांच्यातल्या अनेकांना बेलाचं झाड ओळखता येत नाही. खोडाला हात लावा, काटे सांभाळा, पान चुरगळून वास घ्या, एवढंच सांगते. शिवरात्रीच्या सुमारास पळस पेटलेला असतो, उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो आणि पावसात त्याची पानं सुपाएवढी होतात. वाहिलेलं पान कुठून आलं हे कळलं, की वाहणं खरं होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देव सगळीकडे असेल तर रान तरी कशाला, बसची सीट काय वाईट? मला वाटतं, ‘सगळीकडे’ म्हणणं सोपं, पण घाईतल्या मनाला देव कुठेच दिसत नाही. अशा मनाला सुरुवातीला एक जागा लागते. गाभारा ही तशी जागा आहे. मात्र तिथे जे शिकलो, ते बाहेर ताडून बघितलं नाही तर ते शिकणं अर्धं राहतं. जपानच्या वनखात्याने 1982 साली रानात सावकाश फिरण्याची शिफारस केली ती आरोग्यासाठी. आपल्याकडे अशा फिरण्याला आधीपासूनच धर्माचं कारण आहे.

दुसरी भीती अशी, की रानाचाही बाजार होईल. होऊ शकतो. म्हणून गट लहान असावा, भोंगा आणि प्लास्टिक नको आणि वाट दाखवायला त्याच शिवारात शेळ्या राखणारं माणूस असावं. त्याला प्रत्येक झाडाची सवय ठाऊक असते आणि त्याच्या श्रमाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. भोंगा नको म्हणते, त्याला आणखी एक दाखला आहे: औंढ्याजवळ आता लायगो ही प्रयोगशाळा उभी राहते आहे. विश्वातून येणाऱ्या अतिसूक्ष्म गुरुत्वीय लहरी टिपायला तिला शांत जमीन हवी. तीच शांतता यात्रेकरूलाही मिळू द्या.

यात्रा काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: औंढ्याच्या थांब्यात एक तास वाढवा. आणि तुम्ही येणार असाल, तर तो तास मागून घ्या. एखादं ठिकाण कमी झालं तरी चालेल.