आकड्याचा काय अपराध?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. तोटाही पुढे त्याच वहीत लिहावा लागणार असतो. पण त्या दिवशी त्याचे नाव कोणी काढीत नाही. सरकारपाशी मात्र अशी एक वही आहे, की जिच्यात लाभाचा रकानाच नाही. खून किती झाले, दरोडे किती पडले, बेकायदा शस्त्रे किती सापडली, याची ती वही. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात टिकल्यांच्या पिस्तुलाशी खेळणारा मुलगा आणि खरे पिस्तूल कमरेला खोचून त्याची ‘रील’ मित्रांना धाडणारा मुलगा यांच्या वयांत आता फारसे अंतर उरलेले नाही. फराळाच्या ताटाशी हा विषय निघाला तर तो अगदीच अस्थानी ठरू नये.

ही वही भरते कशी? चाकणच्या ठाण्यात गुन्हा नोंदला जातो. तेथून ती नोंद आयुक्तालयाकडे, मग पुण्यातच असलेल्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जाते. देशाचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो आहे; महाराष्ट्राचा स्वतंत्रही असतो. व्यवस्था चोख दिसते. पण तो तक्ता हाती घेऊन ‘आमच्या भागात बंदुकीचे गुन्हे किती?’ एवढा साधा प्रश्न विचारून पाहावा, म्हणजे तक्ता चाचरू लागतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिस्तूल आहे, तशी तलवारही आहे. आपल्या भागात ज्या कोयत्याने एवढा धुमाकूळ घातला, तो मिरवणाऱ्यावरही याच कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. म्हणजे एकाच आकड्यात कोयता आणि काडतूस मांडीला मांडी लावून बसलेले. उलट पिस्तुलाने कोणाचा खून झाला, तर फिर्यादीत कलमे कितीही असोत, राष्ट्रीय गणतीत त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरावयाचा, असा नियम आहे. खून धरला जातो आणि पिस्तूल त्याच्या पोटात गडप होते. ज्या पिस्तुलाने अजून काहीच केलेले नाही ते शस्त्रांच्या गुन्ह्यांत मोजले जाते, आणि ज्याने जीव घेतला ते त्या रकान्यातून निसटते! अमेरिकेतही पुष्कळ वर्षे अशीच रीत होती. तेथील एफबीआयने १ जानेवारी २०२१ पासून ती टाकून दिली आणि एका घटनेतला प्रत्येक गुन्हा नोंदण्याची पद्धत तेवढी ठेवली. तर त्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या शहरांच्या पोलिसांचीच माहिती आली नाही. वही चांगली आणली, तर लिहिणारे हात तयार नव्हते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि तोवर पुणे ग्रामीणकडे असलेले चाकण त्यात आले. चाकणचे गुन्हे त्या दिवसापासून ग्रामीणच्या वहीतून गेले. एकाही गुन्हेगाराने त्यासाठी काही सोडले नव्हते.

हे दोष हिशेबाचे आहेत, आणि हिशेबनीस मनावर घेतील तर ते दूर होतील. मला अधिक छळतो तो प्रश्न निराळा आहे, आणि तो पोलिसांइतकाच तुमचा-आमचा आहे. एखाद्या ठाण्याने मन लावून सापळे रचले, पिस्तुले पकडली, की त्याचा आकडा वाढतो. शेजारच्याने डोळे मिटून घेतले, की त्याचा आकडा उतरतो. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडून आपण शिव्या कोणाला देतो?

चाकणच्या कारखान्यांत खपणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. फाटकाशी ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. कोणाचे बोट चेचले आणि त्याची नोंद केली, तर फलक शून्यावर येणार. पट्टी बांधून त्याला गप्प बसवले, तर उद्या तोच आकडा एकाने चढणार. फलक लावणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण त्या आकड्याला बक्षीस लागले, की जखम लपवण्याचा मोह झालाच म्हणून समजावे.

मोह उलटाही असतो. जप्तीच्या आकड्यालाच शाबासकी मिळू लागली, तर सोपी सावजे शोधली जातील. पिस्तूल विकणाऱ्यापर्यंत पोचायला महिने लागतात. कोपऱ्यावरचा एकोणीस वर्षांचा पोर आज संध्याकाळीच सापडतो. तक्त्यात दोघांचे वजन सारखेच, एक आणि एक. पुढे तो पोर नोकरीसाठी कंपनीच्या दारात उभा राहतो आणि त्याच्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. सरकारच्या वहीतला तो एक आकडा त्याच्या घरी मात्र थोरला मुलगा असतो. म्हणून त्याची नोंदच करू नये, असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर ते पिस्तूल रोखले गेले, तोही कोणाच्या तरी घरचा असतोच.

चोपड्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी नावाचे गाव आहे. बेकायदा पिस्तुलांच्या बातम्यांत ते वारंवार येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथे जाऊन भट्ट्या मोडल्या. पिस्तूल आले कोठून, हे प्रत्येक वेळी विचारून लिहून ठेवल्याशिवाय असा माग लागत नाही. पण तीच नोंद एक पाऊल पुढे सरकली, की ‘त्या गावचा’ एवढे म्हणणे पुरेसे होते. इंग्रजांची मोजणी फार काटेकोर होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो कायदा १९५२ साली गेला; डोक्यांतून तो अजून पुरता गेलेला नाही.

नोंद आणि निवाडा या दोन गोष्टी वेगळ्या, हे चिंचवडने तर आपल्या अंगणातच पाहिले आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चापेकर चिंचवडचे. इंग्रजांच्या दप्तरी तो पिस्तुलाने केलेला खून. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिले. आज चिंचवडचा चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो. तारीख, जागा, शस्त्र, कोण मेला, कोणी मारले, यांबद्दल इंग्रजांचे आणि आपले भांडण नाही. निवाडा तेवढा उलटा आहे. आणि तो उलटा करता आला, याचे एक कारण म्हणजे तपशील कोणी पुसले नव्हते.

येत्या जानेवारीत सरत्या वर्षाचे आकडे पत्रकारांपुढे येतील. ‘वाढले की घटले?’ हा प्रश्न हमखास विचारला जाईल. त्याच्याआधी कोणीतरी विचारावे, की यांत पिस्तुले किती आणि कोयते किती? पकडलेल्या पिस्तुलांपैकी किती प्रयोगशाळेत जुन्या गोळीबारांशी ताडून पाहिली? आणि किती प्रकरणांत ती विकणाऱ्याचे दार सापडले?