गळ, मासा आणि माणसाचा विरंगुळा

इंग्लंडमध्ये शरद ऋतू लागला की नद्यांचे रूप पालटते. उन्हाळ्यात पात्रात माजलेले पाणगवत कुजून वाहून जाते, काठच्या विलो वृक्षांची पिवळी पाने प्रवाहावर उतरतात, पाणी थंडावते. ट्रेंट, सेव्हर्न, वाय, डॉर्सेटमधील स्टूर अशा नद्यांच्या काठी या दिवसांत माणसे लांब काठ्या घेऊन तासन् तास उभी असतात. त्यांतील अनेकांचे लक्ष 'चब' नावाच्या माशाकडे असते. हा आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा भाऊबंद. रुंद तोंड, जाड ओठ, पितळी झाक असलेले मोठे खवले आणि स्वभाव विलक्षण भित्रा. काठावर सावली हलली, पाऊल वाजले की तो झुकलेल्या फांद्यांखाली नाहीसा होतो. पाच पौंडांचा, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोचा चब मोठा समजतात. एवढा वाढण्यास त्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

त्यास पकडण्याची जुनी रीत फ्लोटची आहे. फ्लोट म्हणजे दोरीस अडकविलेला हलका तरंगता तुकडा. त्याचे रंगीत टोक तेवढे पाण्यावर दिसते. खाली छर्ऱ्यांचे वजन आणि गळास टोचलेली अळी अथवा पावाचा गोळा. प्रथम थोड्या थोड्या अळ्या प्रवाहात सोडून माशाचा विश्वास संपादन करावयाचा, मग त्याच वाटेने फ्लोट वाहू द्यावयाचा. मधूनच दोरी किंचित रोखून धरली की फ्लोट मंदावतो आणि आमिष त्याच्या पुढे जाऊन माशास आधी दिसते. टोक बुडाले की काठी उचलावयाची. मासा जाळ्यात आला की ओल्या हातांनी गळ काढावयाचा, वजन करावयाचे आणि प्रवाहाकडे तोंड करून, त्याच्या अंगी बळ येईतो धरून, पाण्यात सोडून द्यावयाचे.

सोडून द्यावयाचे! आपल्याकडील मासेमारास ही गोष्ट सांगितली तर तो हसेल. चबच्या अंगात काटे फार आणि चव यथातथाच. त्यामुळे आज तो खाण्यासाठी क्वचितच पकडला जातो. आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो येथेच. भूक भागविण्यासाठी मासा मारणे आपण समजू शकतो. परंतु केवळ आपल्या आनंदासाठी एका जिवाच्या ओठात गळ रुतवावा आणि नंतर दयेने त्यास सोडावे, ही दया म्हणावी की क्रौर्य?

हा वाद नवा नाही. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ लिहून गळाच्या मासेमारीस चिंतनशील मनुष्याचा छंद म्हणून गौरविले. प्रेषितांतील कोळ्यांचाही त्याने दाखला दिला. पुढे कवी बायरनने 'डॉन जुआन'मध्ये याच वॉल्टनला क्रूर ठरविले. प्रेषितांचा दाखला आम्हांस पुरेसा वाटत नाही. पेत्र आणि त्याचे सोबती जाळी टाकीत ती उपजीविकेसाठी. शुभवर्तमानात पेत्रास गळ टाकावयास सांगितल्याचा प्रसंग आहे तो मंदिराचा कर भरण्यासाठी. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमवेत मासा खाल्ला. मासा पकडणे हे पाप नव्हे, एवढे यावरून ठरते. विरंगुळ्यासाठी पकडण्याविषयी काही ठरत नाही.

माशास वेदना होतात काय? २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचे दाखविले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत होते. यावर काही शास्त्रज्ञांचा आक्षेप असा की, माणसास वेदनेचे भान देणारा मेंदूचा भाग माशास नाही. म्हणून याला वेदना म्हणू नये. वाद संपलेला नाही. कायद्यांतही एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने मासे धरून सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना संवेदनशील मानले; तरी तेथे गळाची मासेमारी चालू आहे. स्वित्झर्लंडमध्ये मात्र सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास २००९ पासून मनाई आहे. जे एका देशात सौजन्य, तेच दुसऱ्या देशात गुन्हा!

ख्रिस्तसभेची भूमिका येथे मार्ग दाखविते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने प्राण्यांचा अन्नवस्त्रासाठी उपयोग मान्य केला. परंतु त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही, असेही बजाविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात याचाच पुनरुच्चार केला. तेव्हा सारा भार 'विनाकारण' या एका शब्दावर येतो. विरंगुळा हे कारण होऊ शकते काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी याविषयी दोन गोष्टी शिकविल्या आहेत. पहिली ही की, मनास विश्रांतीची गरज असते आणि योग्य खेळ हा सद्गुणाचाच भाग आहे. दुसरी ही की, प्राण्यांशी क्रूर वागणारा मनुष्य पुढे माणसांशीही क्रूर होण्याचा धोका असतो. या दोन कसोट्या एकत्र लावल्या तर असे दिसते की, विरंगुळा हे खरे कारण आहे, पण त्यास मर्यादा आहे. दुसऱ्याची यातना हाच ज्या खेळाचा आनंद, तो खेळ त्याज्य. जेथे यातना नको असूनही अंशतः घडते, तेथे ती कमी करण्यासाठी आपण काय करतो, यावर निवाडा अवलंबून राहतो.

या बाबतीत नदीकाठच्या त्या माणसांची बाजूही ऐकली पाहिजे. काट्याविना गळ ते वापरतात. शिशाचे छर्रे गिळून राजहंस मरतात हे कळल्यावर १९८७ पासून इंग्लंडमध्ये त्या छर्ऱ्यांवर निर्बंध आले. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा काळ माशांच्या विणीसाठी बंद असतो. आणि डर्बी शहराजवळील डरवेंट नदी कारखान्यांच्या गरम पाण्याने व शहराच्या मैल्याने निर्जीव झाली, तेव्हा न्यायालयात गेली ती गळ टाकणाऱ्यांचीच एक संस्था. १९५० च्या दशकाच्या आरंभी तिने तो खटला जिंकला. त्या नदीवर ज्यांचे प्रेम नव्हते, त्यांना तिच्या मरणाची खबरही नसती.

तथापि चांगल्या फळामुळे कृत्य आपोआप चांगले ठरत नाही, ही नीतिशास्त्राची शिकवण येथेही विसरता येत नाही. नदी वाचविली म्हणून मासा दुखविण्याचा परवाना मिळत नाही. म्हणून आमचे मत असे: गळ टाकणाऱ्यास आम्ही पापी म्हणणार नाही, परंतु त्याने स्वतःस विचारावे की, फ्लोट एकदाही न बुडता दिवस मावळला तर घरी जाताना मन प्रसन्न असेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्याचा आनंद पाण्यात, प्रकाशात व एकाग्रतेत आहे आणि त्यास एक-दोन मासे पुरे झाले पाहिजेत. उत्तर नकारार्थी असेल, वजनाचा आकडा व छायाचित्र हेच त्यास हवे असेल, तर मासा हे केवळ त्याच्या अहंकाराचे साधन झाले आहे.

आणि वाचकहो, हा प्रश्न दूरच्या नदीवरच सोडून आपण मोकळे होऊ नये. आपण मासे खातो, त्यात दोष नाही. पण सणासमारंभात गरजेपेक्षा अधिक रांधून उरलेले मासे-मटण आपण उकिरड्यावर टाकतो, तेव्हा त्या जिवाचे मरण 'विनाकारण' होत नाही काय? चबला पाण्यात परत धरून उभा राहणारा मनुष्य निदान त्या जिवाकडे पाहतो तरी. आपण ताटातील जिवाकडे कितीदा पाहतो?