शपथेला औषधाची जोड द्या



गुरुदेवप्रेमी बंधू-भगिनींनो,

आज एक चूक कबूल करायची आहे. ती माझी आहे, आणि थोडी आपल्या सगळ्यांचीच आहे.

मागच्या आषाढी एकादशीला सामुदायिक प्रार्थनेनंतर एका दादांनी दारू सोडायची शपथ घेतली. रोज दोन पव्वे लागायचे त्यांना, कितीतरी वर्षांपासून. आपण टाळ्या वाजवल्या, गळ्यात हार घातला आणि घरी गेलो. तिसऱ्या रात्री त्यांच्या घरून फोन आला, "काकू, यायले बाहेरचं लागलं हो! भिंतीवर मुंग्या दिसते म्हनते, कोनाशी तरी बोलून राह्यले." हात थरथरत होते, अंग घामाने भिजलं होतं. कुणी म्हणालं अंगारा लावा. मीही म्हटलं, सकाळपर्यंत नामस्मरण करा. पहाटे त्यांना झटका आला, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "सोडली त्याच दिवशी आणायचं होतं."

ती बाधा नव्हतीच. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली राहायला शिकलेला असतो. दारू एकदम बंद झाली की दाब निघतो आणि नसा खवळतात. काही तासांत हात कापतात, झोप उडते. झटके बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, भ्रम, ताप. यात माणूस दगावूही शकतो. डॉक्टर काही दिवस नसा शांत ठेवायच्या गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, आणि तो धोका पुष्कळ कमी होतो.

आपल्या भागात असा माणूस जामसावळीला हनुमंतरायाच्या पायाशी नेतात. जरूर न्या. पण त्या हनुमंताचीच कथा आठवा. लक्ष्मण मूर्च्छित पडला, तेव्हा प्रत्यक्ष रामराय शेजारी होते. तरी वैद्य बोलावला. सुषेण वैद्य शत्रूच्या लंकेतला, तरी हनुमंताने त्याला आणलं. वैद्याने औषध सांगितलं आणि हनुमंत द्रोणागिरी घेऊन आला. देव जवळ असताना औषध लागलं, यात देवाचा कमीपणा झाला का? मग आपल्याला दवाखान्याची लाज का वाटावी? वंदनीय तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याचा विचार केला, आणि अंधश्रद्धेला आयुष्यभर विरोध केला.

सन 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात असं आढळलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. बाकीच्या 37 जणांच्या घरी काय चालतं, ते आपल्या भगिनींना विचारा.

भगिनींनो, तुमच्यासाठी एक सांगते. "त्यांना न सांगता भाजीत टाका" म्हणून कुणी पुडी दिली तर घेऊ नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळतो. असं औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे आधी शरीर सांभाळतात, मग मन. व्यसनी माणसाच्या पत्नीलाही बोलायला जागा देतात, कारण घर सगळंच आजारी पडलेलं असतं.

आता त्या दादांचं पुढचं. पोळ्यापर्यंत ते कोरडे राहिले. गोटमारीच्या दिवशी जाम नदीवर मित्र भेटले आणि पाय घसरला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आले नाहीत. आपल्यातलेच काही म्हणाले, "शपथ मोडली, आता कशाला येते?" बंधूंनो, साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या माणसाला आपण पंगतीतून उठवतो का? मी आणि दोन ताई त्यांच्या घरी गेलो. यावेळी आधी दवाखाना, मग प्रार्थना. आता ते मागच्या रांगेत बसतात. आज किती दिवस झाले, हे मी विचारत नाही. आले, यातच आनंद.

म्हणून आपल्या सेवेचा एक नियम करूया:

🙏 कुणी शपथ घेतली की त्याच दिवशी एकाने सोबत दवाखान्यात जायचं. रोज किती पितो, ते डॉक्टरांना खरं सांगायचं.
🙏 पहिले चार-पाच दिवस त्याला एकटं सोडायचं नाही. थरथर, भास, झटका दिसला तर लगेच 108.
🙏 नशामुक्तीच्या मदतीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416. दोन्ही मोफत.
🙏 पोळा, होळी, लग्नाची वरात, अशा दिवशी त्याच्या घरी आधीच जाऊन बसायचं.

शपथ हे बी आहे. नुसतं पेरून कुणी घरी जात नाही, राखण करावी लागते. संत्र्याच्या बागा सांभाळणाऱ्या आपल्या पांढुर्णा-सौसरच्या लोकांना हे मी वेगळं काय सांगावं?

जय गुरू!
— आपली एक सेवेकरी भगिनी