अंग आणि प्रधान : संग्रहालयातील अधिकाराचा प्रश्न

अपंग व्यक्तींना संग्रहालयात सहज जाता यावे, हा विषय बहुधा उतार, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे यांच्या हिशेबात मांडला जातो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, आणि तो पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, विलक्षण स्पष्टपणे विचारला होता. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय ‘अधिकारा’चा, म्हणजे कोणते कर्म करण्यास कोण पात्र, या निर्णयाचा आहे. ज्याचे अंगवैकल्य बरे होण्याजोगे नाही त्याला यज्ञाचा अधिकार नाही, असे तेथे ठरते, आणि त्याचे कारण म्हणून असामर्थ्य पुढे केले जाते : आंधळ्याला आज्यावेक्षण, म्हणजे तुपाकडे पाहण्याचा विधी, साधत नाही आणि पांगळ्याला विष्णुक्रम, म्हणजे विधिपूर्वक टाकायची पावले, टाकता येत नाहीत.

हा निर्णय कठोर आहे, आणि पाहणे व चालणे ही ज्ञानाची अपरिहार्य अट मानून बांधलेले प्रत्येक संग्रहालय तोच निर्णय नकळत पुन्हा देत असते. मात्र त्याच अध्यायाच्या तिसऱ्या पादात मीमांसकांनी एक भेद केला आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण व्हावे लागते. परंतु अग्निहोत्रासारखे नित्य कर्म, जे टाळताच येत नाही, त्यात मुख्य कर्म म्हणजे ‘प्रधान’ सांभाळून, त्याला साहाय्यभूत असणारी ‘अंगे’ जेवढी शक्य असतील तेवढीच केली तरी चालते. कर्तव्य टळत नसेल, तर रीतीने वाकले पाहिजे.

वारशाचे ज्ञान काम्य की नित्य, हा प्रश्न भारतीय नागरिकापुरता तरी सुटलेला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे, आणि त्यात डोळस नागरिक असा भेद नाही. ज्याच्यावर कर्तव्य टाकले, त्याला ते पार पाडण्याची वाट नाकारणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

मग संग्रहालयात प्रधान काय आणि अंग काय? जबलपूरचे उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण तेथील वारसा मुख्यतः दगडाचा आहे. शहराजवळचे तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी; त्या घराण्याचे कोरीव लेख संपादून १९५५ मध्ये प्रसिद्ध करण्याचे थोर काम महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले, म्हणून मराठी अभ्यासकांना हा प्रदेश परका नाही. कलचुरी काळातील शिल्पे शहरातील राणी दुर्गावती संग्रहालयात आहेत, आणि भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार, उघड्या आकाशाचे देवालय आहे. तेथील योगिनींच्या पीठांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. महिषमर्दिनीच्या रूपातील एका मूर्तीखाली ‘श्रीतेरम्बा’ असे नाव आहे. काचेमागच्या छापील पाटीहून ही अक्षरे वेगळी : ती छिन्नीने खोदलेली असल्यामुळे मुळातच बोटाला लागणारी आहेत. मूर्तीचे बसणे, मेखलेच्या लडी, पीठावरचे वाहन, भंगलेल्या हाताची खडबडीत कड, यांपैकी काहीही कळण्यासाठी डोळ्यांचीच गरज आहे असे नाही.

न्याय दर्शनाच्या सूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचा आरंभच या विचाराने होतो. जी वस्तू पाहिली तीच स्पर्शिली, असे ज्ञान होते. म्हणून जाणणारा आत्मा डोळा आणि त्वचा या दोहोंहून निराळा असला पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. वैशेषिक दर्शनाचे आचार्य आणखी सांगतात की रूप, म्हणजे रंग, केवळ डोळ्यांना कळते, पण संख्या, परिमाण, संयोग आणि विभाग डोळा व त्वचा दोघांनाही कळतात. पाषाणशिल्पात रंगाचा वाटा अल्प आणि आकाराचा मोठा. तेव्हा जाणणे हे प्रधान आणि पाहणे हे त्याचे एक अंग, हे या परंपरेच्याच आधारे म्हणता येते. विदर्भातील गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली होती, आणि तरी त्यांनी विपुल तत्त्वग्रंथ रचले.

यावर संरक्षणाचा आक्षेप खरा आहे. हातावरचा घाम आणि तेल यांनी दगडही झिजतो व काळवंडतो, आणि हजार वर्षे टिकलेले शिल्प कोणाच्याही हक्कासाठी गमावणे योग्य नाही. म्हणून प्रतिकृती हव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन अशा प्रतिकृतींनीच उभारले. प्रतिकृतीने मूळ वस्तूचे महत्त्व उणावते, ही शंका मूर्तिपूजेच्या परंपरेला फारशी मान्य होणार नाही, कारण तेथे गाभाऱ्यातून न हलणारी अचल मूर्ती आणि पालखीतून लोकांपर्यंत जाणारी उत्सवमूर्ती या दोन्ही पूज्यच आहेत. बहिऱ्या प्रेक्षकासाठी खुणांच्या भाषेतील निवेदन, बौद्धिक अक्षमता असलेल्यासाठी सोप्या वाक्यांचे फलक, हेही याच न्यायाने येते.

वाटेविषयी महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्र राजाला सांगतो की वाटेचा पहिला मान आंधळ्याचा, मग बहिऱ्याचा, आणि राजाचा क्रम त्यानंतर. म्हणजे जैमिनीचा निर्णय ही परंपरेची एकमेव वाणी नव्हती. आजचा कायदाही त्या निर्णयाच्या बाजूने नाही : २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अडचण एकट्या शरीरात मानत नाही, ती शरीर आणि अडथळा यांच्या गाठीत मानतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असू शकत नाहीत, असे ठरवले.

भेडाघाटच्या टेकडीवरील शंभराहून अधिक पायऱ्यांचे काय करावे, याचे उत्तर मात्र अवघड आहे. प्राचीन परिसर फोडून बांधलेला रस्ता हा वारशाचाच घात ठरू शकतो. तेथे ‘जेवढे शक्य तेवढे’ या न्यायाने पायथ्याशीच देवालयाचा उठावाचा नकाशा, कोनाड्यांचे वर्तुळ बोटाने फिरून पाहता येईल अशा मापाची प्रतिकृती आणि नावे कोरलेल्या पीठांचे साचे ठेवता येतील, आणि त्यांचे माप, उंची व पोत ठरवताना जे ती वापरणार त्यांनाच प्रथम विचारावे लागेल.