आघात आणि ओळख

दौऱ्यावर जाऊन दप्तर तपासण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असेल. तपासणारा आणि ज्याची तपासणी होते तो, या दोन्ही बाजूंना आपण आळीपाळीने बसलो आहोत. तेव्हा आज जो प्रश्न आम्ही मांडणार आहोत तो केवळ पुस्तकी नव्हे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. प्रश्न असा : एखाद्या वस्तूविषयी अथवा माणसाविषयी सत्य जाणून घेण्यासाठी त्यावर आघात करावा लागत असेल, तर तो आघात कितपत क्षम्य मानावा? आणि ज्याने तो सोसला, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

या प्रश्नाने आम्हांस प्रथम गाठले तो प्रसंग अजून स्पष्ट आठवतो. महाराष्ट्रापासून फार दूर, पूर्वेकडील एका डोंगराळ जिल्ह्यात आमची नेमणूक होती. एका लहानशा कचेरीत आम्ही पूर्वसूचना न देता गेलो. तेथील भांडारपाल पन्नाशी उलटलेले, मितभाषी गृहस्थ होते. साठ्याच्या नोंदवहीतील मोजक्या नोंदी निवडून आम्ही त्यांना उभ्या उभ्या प्रश्न विचारले. कनिष्ठ मंडळी हातातले काम थांबवून ऐकत होती. एका नोंदीत तफावत दिसली. दोन तासांनी तिचा उलगडा झाला. बेरीज एका पानावरून दुसऱ्या पानावर नेताना दोन अंकांची अदलाबदल झाली होती, एवढेच. कचेरीचा कारभार चोख निघाला. अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा लिहून आम्ही परतलो. पुढील वर्षी तेथे पुन्हा गेलो तेव्हा त्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले होते. त्या तपासणीनंतर भांडारपाल कोणाशी फारसे बोलत नसत, आणि काही महिन्यांतच मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन आपल्या गावी निघून गेले, असे शिपायाने सांगितले. त्याच्या सांगण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते आमच्या मनास अधिक लागले.

महाविद्यालयात पदार्थविज्ञान हा आमचा विषय होता, आणि परमुलखातील लांबलचक संध्याकाळी त्याचे वाचन करण्याची सवय आम्ही अद्याप सोडलेली नाही. त्या वाचनात आमचा हाच प्रश्न निराळ्या आणि पुष्कळच निर्मळ रूपात आमच्यापुढे उभा राहिला. वितळलेल्या धातूमध्ये इलेक्ट्रॉन कोणत्या वेगाने धावत असतात, हे शोधून काढण्याची जी पद्धत शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे, तिचे हे वाचन होते. ही पद्धत नखशिखांत आघाताची आहे.

तिचा उगम १९२३ सालातला. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांनी ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडले आणि विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी मोजली. काही किरण जसे गेले तसे परत आले. परंतु काहींची तरंगलांबी किंचित वाढलेली आढळली. काटकोनात वळलेल्या किरणांच्या बाबतीत ही वाढ एका सेंटिमीटरच्या सुमारे चारशे कोटीव्या भागाइतकी होती. कॉम्प्टन यांनी तिचा अर्थ असा लावला : क्ष-किरणाचा कण इलेक्ट्रॉनावर आदळतो, त्याला धक्का देऊन आपली काही ऊर्जा त्याच्या स्वाधीन करतो, आणि स्वतः क्षीण होऊन दुसऱ्या दिशेस निघून जातो. कॅरमची सोंगटी जशी स्ट्रायकरचा वेग घेते, तसाच हा व्यवहार. या शोधाबद्दल १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

येथे एक आठवण आपल्या वाचकवर्गास जवळची वाटेल. कॉम्प्टन यांच्या शोधाने ज्यांच्या विचारांस चालना दिली त्यांत कलकत्त्याचे चंद्रशेखर व्यंकट रामन हे प्रमुख होते. दृश्य प्रकाशाच्या बाबतीत असेच काही घडते काय, याचा शोध घेता घेता १९२८ साली ते आपल्या नावाने विख्यात झालेल्या परिणामापर्यंत पोहोचले. हे रामन आरंभी आपल्यापैकीच एक, म्हणजे बदलीचे अधिकारी होते. १९०७ साली ते वित्त खात्यात रुजू झाले. कलकत्त्याहून रंगूनला, रंगूनहून नागपूरला असा त्यांचा प्रवास झाला. आणि पुढे १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडून प्राध्यापकपद स्वीकारले. हिशेब तपासण्याचे काम त्यांनीही केलेले होते.

परंतु मूळ विषयाकडे वळू. ज्यावर आघात होतो तो इलेक्ट्रॉन स्थिर असेल, तर ठरावीक कोनात परतणाऱ्या किरणाची तरंगलांबी ठरावीकच यावयास हवी. वस्तुतः ती तशी येत नाही. ती एका रेषेऐवजी एका पट्ट्यात पसरलेली दिसते. कारण इलेक्ट्रॉन स्वतः धावत असतो. समोरून येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच स्वरात ऐकू येते आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या स्वरात, त्याचप्रमाणे इलेक्ट्रॉनाच्या गतीचा ठसा किरणावर उमटतो. पट्टा जितका रुंद, तितका इलेक्ट्रॉनांचा संवेग अधिक. कॅलिफोर्नियातील जेसी ड्यूमाँड यांनी १९२९ साली बेरिलियम धातूवर हे मापन केले, आणि धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन जुन्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक वेगाने धावत असल्याचा पुरावा त्यातून मिळाला.

हा वेग उष्णतेचा नव्हे. पाउली यांच्या नियमानुसार एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. आस्थापनेवरील मंजूर पदांसारखीच ही व्यवस्था आहे. खालच्या जागा भरल्या, की उरलेल्यांना वरच्या, म्हणजे अधिक वेगाच्या जागी जाण्यावाचून गत्यंतर नसते. सोडियममधील सर्वांत वरच्या जागेवरील इलेक्ट्रॉन सेकंदास सुमारे हजार किलोमीटर या वेगाने धावतो. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे आकारमान थोडे वाढते आणि त्या प्रमाणात हा वेग किंचित उतरतो, यापलीकडे त्याला वितळण्याची फारशी दाद नाही. अणूंची सुबक रांग मोडून गर्दी झाली, तरी इलेक्ट्रॉनांची ही श्रेणी बहुतांशी तशीच राहते.

आता या पद्धतीतील ज्या दोन गोष्टींनी आम्हांस विचारात पाडले, त्या सांगतो. पहिली अशी की, आघात सौम्य असून चालत नाही. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांच्या ओढीत बांधलेला असतो. धक्का हलका असेल, तर धक्का चालू असतानाच ती ओढ आपला प्रभाव दाखविते, आणि हाती येणारे माप इलेक्ट्रॉनाचे किती व भोवतालच्या बंधनांचे किती, हे कळेनासे होते. म्हणून शास्त्रज्ञ अतिशय जोरकस क्ष-किरण वापरतात. आघात इतका बलवान आणि इतका क्षणिक असतो, की भोवतालच्या अणूंना हालचाल करण्यास अवसरच मिळत नाही. अशा वेळीच आघातापूर्वी तो इलेक्ट्रॉन कसा होता हे प्रामाणिकपणे उमटते. पूर्वसूचना देऊन केलेल्या तपासणीत काय दिसते, हे आपणांस ठाऊक आहे. रंगविलेल्या भिंती आणि रात्रभर जागून पूर्ण केलेल्या वह्या. अवचित गेल्यावाचून खरी कचेरी दिसत नाही. तेव्हा ‘सौम्यपणे विचारले असते तर बरे झाले असते’ असे म्हणून आमच्या मनाचे समाधान करण्याची वाट येथे बंद होते. सौम्यपणे विचारले असते, तर कदाचित सत्य कळलेच नसते.

दुसरी गोष्ट द्रव धातूंच्या एका प्रयोगातील. सिलिकॉन हा घनरूपात धातू नव्हे. त्यातील प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी पक्क्या बंधांनी जोडलेला असतो. १४१४ अंशांना तो वितळला, की ते घर मोडते, अणू अधिक दाटीने एकत्र येतात, घनता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि तो विजेचा उत्तम वाहक, म्हणजे धातूसारखा होतो. त्याचे जुने बंध आता संपले, असेच कोणीही म्हणेल. जपानमधील स्प्रिंग-८ या प्रचंड क्ष-किरण केंद्रात सुमारे १५१४ अंश तापलेल्या द्रव सिलिकॉनवर असे किरण सोडण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. मिळालेल्या पट्ट्याची सांगड संगणकाने केलेल्या गणिताशी घातली, तेव्हा असे दिसले की जुने बंध पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. शंभरांत सुमारे सतरा इलेक्ट्रॉन-जोड्या अद्याप त्याच जुन्या रीतीने बांधलेल्या आहेत. मूळ जागा सुटली, रांग मोडली, सभोवतीचा सारा समाज बदलला, तरी पहिल्या नात्याचा काही अंश टिकून राहतो, हे वाचून परप्रांतात आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्याला क्षणभर थांबावेसे वाटले, यात नवल नाही.

परंतु लगेच आमच्यातील तपासनीस विचारू लागला : हे सतरा कोणते? आणि याच प्रश्नापाशी इलेक्ट्रॉनांचे जग आपल्या जगापासून कायमचे वेगळे होते. तो पट्टा लक्षावधी टकरींतून तयार झालेला असतो. एकेका टकरीतून एकेका इलेक्ट्रॉनाच्या संवेगाचा, तोही एकाच दिशेचा अंश कळतो. बेरीज तेवढी अर्थपूर्ण असते. बंध जुळतात आणि तुटतात. आज या जोडीचा, उद्या त्या जोडीचा. ज्या इलेक्ट्रॉनावर किरण आदळला, तो आपल्या जागेवरून उडून धातूत अडखळत अडखळत आपली ऊर्जा गमावतो, आणि त्याची रिकामी जागा दुसरा घेतो. मग पहिल्याची हानी झाली काय? हा प्रश्नच तेथे निरर्थक आहे. कारण एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून कोणत्याही उपायाने निराळा ओळखता येत नाही. त्याला नाव नाही, खूण नाही, इतिहास नाही. दोघांची अदलाबदल केली, तर जगात काहीही बदलत नाही. एकावर आघात करून सर्वांविषयी जाणून घेण्याची शास्त्रज्ञाला जी मुभा आहे, ती या परिपूर्ण सारखेपणाने दिलेली आहे. ज्याला कोणी वेगळा म्हणून ओळखूच शकत नाही, त्याचे देणेही कोणी लागत नाही.

आम्ही तपासणीस गेलो तेव्हा नकळत हीच मुभा गृहीत धरली होती. शंभर नोंदींतून दहा निवडाव्यात, दहांवरून कचेरीचा अंदाज बांधावा, कचेऱ्यांवरून जिल्ह्याचा; ही रीत चूक नव्हे. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार अन्य रीतीने पाहताही येणार नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते : ज्याला निवडले तो आणि ज्याला निवडले नाही तो, दोघे एकमेकांच्या जागी चालतील. नोंदींच्या बाबतीत ते खरे आहे. नोंद लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खोटे आहे. भांडारपालांची खुर्ची पुढच्या वर्षी भरलेली होती. अहवालाच्या दृष्टीने काहीच उणे नव्हते. आम्हांस मात्र ती रिकामी दिसली.

यावर कोणी म्हणेल, असे हळवे होऊन कारभार चालत नाही. आम्हीही तेच म्हणतो. विधवेचे निवृत्तिवेतन, शाळेचे धान्य, रुग्णालयाची औषधे ही वेळेवर आणि पुरती पोहोचतात की नाही, हे पाहण्यासाठी कोणीतरी अवचित दार ठोठावलेच पाहिजे. निर्दोष माणसाला त्याचा त्रास होईल म्हणून दार ठोठावू नये, असे म्हणणे म्हणजे ज्यांचे धान्य चोरीस जाते त्यांचा विसर पडणे होय. आघात टाळता येत नाही आणि त्याची तीव्रताही फारशी घटविता येत नाही. तरी उरते काय? आमच्या मते एवढे उरते की, आघातानंतर परत फिरून त्या माणसाकडे पाहावे. किरण परत फिरत नाही; तो आपली बातमी घेऊन मापकयंत्राकडे निघून जातो. माणसाला परत फिरता येते. ज्याला आपण लोकांसमोर प्रश्न विचारले, त्याचे निर्दोषत्व लोकांसमोरच सांगणे, त्याच्या नावानिशी ते लिहिणे, ही मेहेरबानी नव्हे; ते त्याचे आपल्याकडे राहिलेले येणे आहे. ‘कारभार समाधानकारक’ हा शेरा कचेरीला मिळाला. तो वाचून भांडारपालांना काय मिळाले असेल? त्यांच्याविषयी त्या कागदावर एक शब्दही नव्हता.

त्यांच्या गावचा पत्ता मिळवून आम्ही एक पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, आणि उत्तराची अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार होता असेही वाटत नाही. तेव्हापासून मात्र प्रत्येक तपासणी अहवालाच्या शेवटी आम्ही एक ओळ लिहीत आलो आहोत : अमुक अमुक यांना आम्ही हे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे योग्य होती, आणि तसे आम्ही त्यांना सर्वांसमक्ष कळविले आहे. एकदा एका वरिष्ठांनी विचारले की, विहित नमुन्यात असा रकानाच नाही, मग ही ओळ कशासाठी? रकाना नाही हे खरे होते. आम्ही ती ओळ खोडली नाही, आणि त्यांनीही पुढे काही म्हटले नाही.