काळी दोन

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात रेडिओ-टेपचं एक जुनं दुकान. पुढं काउंटरवर मोबाइल दुरुस्त होतात, भाडं त्यावरच निघतं. उस्ताद मात्र मागं बसून जुने रेडिओ उघडत असतात.

केज तालुक्यातल्या एका गावचे आबा आपला ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन आले. कधीकाळी त्यावर परभणी केंद्र लागायचं. आतले दोन्ही एसी १२८ ट्रान्झिस्टर गेले होते. हा जर्मेनियमचा माल केव्हाच बनायचा बंद झाला. कुणाच्या फळीवर पडलेले नग मिळाले तरी बरेचसे लीक निघतात. दुकानातल्या पोरानं त्यांच्या जागी बीसी ३२७ लावले. पीएनपीच्या जागी पीएनपी, पायही नीट बघून जोडले. रेडिओ वाजला. पण मोठ्यानं लावला तर ठीक, आवाज बारीक केला की फाटायचा.

"उस्ताद, हे नवे पार्ट काही कामाचे नाहीत."

उस्तादांनी मीटर लावला. "आवाजाची अर्धी लाट हा ओढतो, अर्धी तो. एकाकडून दुसऱ्याकडं जाताना दोघंही जरा जागे पाहिजेत. जर्मेनियमला ०.२ व्होल्टमध्ये जाग येते, सिलिकॉनला ०.६ च्या पुढं. तू गडी नवा ठेवलास अन् भाकरी जुन्याच्या भुकेची वाढलीस."

बायसचा रेझिस्टर काढून त्यांनी तिथं प्रीसेट टाकला आणि मीटरवर नजर ठेवून तो पेचकसानं तीळ-तीळ फिरवला. मग ट्रान्झिस्टरला बोट लावून पाहिलं, तापला नव्हता. आता आवाज पार तळाला नेला तरी स्वच्छ.

आबा हे सगळं बघत होते.

त्यांच्या गावात सप्ताह चालू होता. बुवा वारल्यापासून गायनाला एक तरणा पोरगा उभा राहायचा. वरच्या सुरात त्याचा आवाज चिरकायचा, आणि "ह्याला बुवांची सर नाही" असं पारावर म्हणणाऱ्यांत आबाच पुढं असायचे.

संध्याकाळी हरिपाठाआधी त्यांनी पेटीवाल्याला विचारलं, "सूर कोणता लावायलास?"

"पांढरी चार. बुवांचा तोच होता की."

"अन् ह्या पोराचा?"

पेटीवाला पोराकडं बघायला लागला. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"काळी दोन," पोरगा हळूच म्हणाला.

पखवाजी कुरकुरला. गठ्ठे ठोकून पखवाज पुन्हा मिळवायचा, कणीकही नव्यानं लावायची. लोक तर येऊन बसलेले.

"मग ठोक की," आबा म्हणाले. "आम्ही थांबतो."