शिक्षकांचे बंधुत्व

वीस वर्षे एका दालनात चहा घेतलेल्या दोन प्राध्यापकांनी एकमेकांचा एकही तास ऐकलेला नसावा, हे आपल्या धंद्यात कोणास विचित्र वाटत नाही. शिंप्याचे तसे नव्हे. त्याचे काम चारचौघांत उघडे असते. जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ सालच्या ग्रंथात लायबेरियातील शिंप्यांच्याही उदाहरणाने दाखविले की, जाणत्यांच्या कामात हळूहळू सामील होऊनच कसब अंगी येते. असे बंधुत्व प्राध्यापकांतही घडवून आणावे, असे विद्यापीठांस हल्ली वाटू लागले आहे. इच्छा चांगली आहे. परंतु ते मागण्याचा अधिकार कोणास?

शिक्षकांच्या बंधुत्वाचा आपल्याकडील थोर प्रयोग म्हणजे १८८४ साली पुण्यास स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर राहावे व कारभारही आपणच पाहावा, अशी तिची घटना. तरीही १८९० साली टिळक बाहेर पडले, आणि वादाचा एक मोठा मुद्दा सभासदांच्या बाहेरील मिळकतीचा होता. त्यागाचा नियम लिहिता येतो व तो मोडला तर दिसतो. काल आपला तास का फसला हे सहकाऱ्यास मोकळेपणाने सांगावे, असा नियम कोण लिहिणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली चर्चासत्रे, उजळणीवर्ग इत्यादींस गुण लावले. प्रमाणपत्रे पुष्कळ झाली. जेथे गुण मिळावयाचे तेथे माणूस आपले फसलेले दाखवीत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

याउलट उत्तरपत्रिका तपासण्यास जमलेली मंडळी आठवावी. निरनिराळ्या महाविद्यालयांतील माणसे, समोर गठ्ठे, तीच चूक दहाव्या उत्तरात दिसली की कोणी हळूच विचारी, "तुम्ही हा भाग शिकविता तरी कसा?" या प्रश्नास गुण नसत. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली संगणकावरील तपासणी आणली, आणि जो तो आपापल्या पडद्याकडे पाहू लागला. (त्या वर्षी निकाल किती रखडले, तो विषय निराळा.)

अधिकाऱ्यांनी मोकळा तास द्यावा, खोली द्यावी आणि हजेरी घेऊ नये, असे माझे मत आहे. परंतु मोकळा तास कोणाचा? दिंडोशीत राहणारा, तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण शिक्षक सकाळी एका महाविद्यालयात व दुपारी दुसऱ्यात शिकवितो. मालाडची गाडी चुकली की तास बुडतो, आणि तासाबरोबर पैसेही. जाणत्या सहकाऱ्याच्या वर्गात बसण्याची सर्वांत अधिक गरज त्यालाच; त्या बसण्याचा मोबदला मात्र शून्य. तो एक तास त्याच्या महिन्याच्या बिलात मांडून घेण्यास कोणते महाविद्यालय तयार आहे?